शंभराला बारा

आमच्या आईला पैसे देणारी माणसं दिवसाला दोनेकशे तरी असतील, पण तिचे पैसे घ्यायला एक माणूस तयार नव्हता. हे सांगितलं की लोक हसतात. आधी मीही हसले होते.

आई बस स्टँडवरच्या स्वच्छतागृहात कामाला होती. सव्वीस वर्षं. सकाळी सहा ते दुपारी दोन. फरशी पुसायची, कागदाची रिळं भरायची, नळ गळायला लागला की कंत्राटदाराला दहा फोन करायचे आणि उरलेला वेळ दाराशी स्टुलावर बसायचं. समोर लहानसं टेबल, टेबलावर पत्र्याची ताटली. जाणारा-येणारा त्या ताटलीत नाणं टाकायचा. पगार घराचा आणि ताटली आईची, असा आमच्याकडचा कायदा होता. बाबा होते तोवर त्यांनी तिचा अख्खा पगार पिऊन टाकला, पण ताटलीला कधी हात लावला नाही, एवढं एक त्यांच्या बाजूने सांगता येईल.

घरी आली की आई ती नाणी साबणाच्या पाण्यात धुवायची, जुन्या टॉवेलवर पसरून वाळवायची आणि मग घरात लागतील ती काढून उरलेली रंगाच्या रिकाम्या बादलीत टाकायची. बादली भरली की झाकण ठोकून पलंगाखाली. न धुतलेलं नाणं पलंगापर्यंत पोचत नसे. मी एकदा म्हटलं, "आई, पैशाला कशाला आंघोळ घालतेस? कुठून आलेत कुणाला ठाऊक आहे?"

"मला ठाऊक आहे ना, कुठून आलेत ते," ती म्हणाली.

तिचा डावा डोळा काचबिंदूने गेला तेव्हा आम्हाला कळलंच नाही. तिनेच कळू दिलं नाही. एका डोळ्यावर वर्षभर फरशा पुसत राहिली. उजव्याचंही तसंच व्हायला लागलं तेव्हा मी तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, थेंबांनी आता भागणार नाही, डोळ्यात एक बारीक नळी बसवावी लागेल, म्हणजे आतला दाब उतरेल. गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती वाचेल. ऑपरेशन फुकट, नळी मात्र आपली. नळीचे तेहतीस हजार गुरुवारी दुपारी बाराच्या आत दवाखान्याच्या खिडकीवर भरायचे, शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही आणि डोळा थांबणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

"पैसे आहेत," आई म्हणाली. घरी आल्यावर तिने पलंगाखालून चार बादल्या ओढून काढल्या.

आम्ही तिघं दोन दिवस मोजत होतो. तिसरा म्हणजे माझा धाकटा भाऊ, सरदार. हे त्याचं नाव नव्हे. तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. दोन वर्षांपूर्वी मालाची थप्पी त्याच्या अंगावर कोसळली आणि कंबर गेली. कंपनीने सहा महिने पैसे दिले आणि हात झटकले. तेव्हापासून तो पाठीला दोन उशा लावून खिडकीपाशी बसलेला असायचा आणि फोनवरचा आपला जुना गेम दिवसभर खेळायचा. किल्ले बांधायचे, फौजा पाळायच्या, दुसऱ्यांचे किल्ले लुटायचे. घरात त्याला कोणी पाणी विचारत नव्हतं, पण तिकडे एकशे चाळीस माणसं त्याला विचारल्याशिवाय लढाईला जात नव्हती. ती त्याला सरदार म्हणायची. मी ते टोमणा म्हणून उचललं आणि मग तेच चिकटलं.

गेमला पैसे लागायचे. फार नाही, पण लागायचे. फ्रिजवरच्या बशीत आम्ही सुट्टे पैसे टाकायचो. ब्रेड आणून उरलेले, बसच्या तिकिटाचे, कोटाच्या खिशातले. मी संध्याकाळी कामावरून यायचे तर बशी पुसल्यासारखी स्वच्छ. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात झिपा बदलते, पँटी आखूड करते. दिवसभर डोळे फोडून एका झिपेमागे काय मिळतं ते मला माहीत. आणि हा आमचा सरदार ती चिल्लर खिशात घालून, एक हात कमरेवर ठेवून, रडतखडत कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानापर्यंत जाणार आणि तिथल्या मशीनमध्ये ओतणार. आईच्या बादल्यांना मात्र त्याने कधी हात लावला नाही. हे मी आज सांगते आहे. तेव्हा मी दर महिन्याला बादल्यांची झाकणं तपासत होते.

तर चार बादल्यांत चौतीस हजार सहाशे निघाले. माझा जीव भांड्यात पडला. आईने टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

सोमवारी मी अर्धा दिवस सुट्टी काढून एक बादली घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या पोराने बादलीकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्यासाठी मेलेलं मांजर आणलं होतं. म्हणाला, "काकू, दिवसाला दोनशे नाणी घेतो. त्याच्या वर नाही." आमच्याकडे सात हजार नाणी होती. दवाखान्यात गेले तर खिडकीवरची बाई म्हणाली, "नोटा द्या नाहीतर कार्ड. नाणी चालत नाहीत."

"का? खोटी आहेत का ही?"

"खरीच असतील हो बाई, पण मोजायची कोणी? मागे रांग बघा."

रांग होती, ते खरं. मी बादली उचलून बाहेर आले.

राहिलं ते मोठ्या दुकानातलं मशीन. दारातून आत गेलं की ट्रॉल्यांच्या बाजूला ते उभं असतं. वरच्या घमेल्यात नाणी ओतायची, ते खडखडाट करत मोजतं आणि मग विचारतं, हिरवं बटण की निळं? हिरवं दाबलं तर चिठ्ठी येते, ती काउंटरवर दिली की नोटा मिळतात, पण शंभराला बारा कापून. निळं दाबलं तर गेमचा कोड मिळतो, आणि तो मात्र अख्ख्या पैशांचा. गेमवाल्यांनीच तशी सोय करून ठेवली आहे. लोकांच्या घरातली पडीक चिल्लर दुसरीकडे कुठे जाऊ नये, याची त्यांना काळजी.

शंभराला बारा म्हणजे चौतीस हजार सहाशेला चार हजार एकशे बावन्न. हा हिशेब मी बसमध्ये बसल्याबसल्या तोंडी केला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातात येणार तीस हजार चारशे. कमी पडणार अडीच हजार. माझ्याकडे झिपांच्या डब्यात, लांब झिपांच्या खाली, तीन हजार शंभर ठेवलेले होते. हे सांगायची आता लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की आईने सव्वीस वर्षं लोकांची घाण काढून जमवलेल्या पैशांतले चार हजार एक पत्र्याचा डबा उभ्या उभ्या गिळणार आहे. माझ्या हाताने मी ते त्याला भरवणार नव्हते.

घरी आल्यावर मी सरदारला विचारलं, "तू ते निळं बटण दाबतोस. त्या गेममधल्या पैशांच्या परत नोटा करता येतात का?"

त्याने फोन खाली ठेवला. मी त्याला त्याच्या गेमबद्दल कधी सरळ प्रश्न विचारला नव्हता. "येतात," तो म्हणाला. "कोडाचं सोनं घ्यायचं आणि ते सोनं दुसऱ्या खेळाडूला द्यायचं. तो आपल्याला रोख देतो. नियमात बसत नाही, पण करतात लोक."

"कोण देतो रोख?"

"स्टेशनच्या रस्त्यावर तो किल्लीवाला आहे ना, तो. त्याच्या बायकोने त्याचं कार्ड काढून घेतलंय. त्यामुळे तो रोख देऊन सोनं घेतो. अख्खे पैसे देतो, कापत नाही."

मी त्याच दुपारी पाचशेची नाणी मशीनमध्ये ओतली आणि निळं बटण दाबलं. सरदारने कोड टाकला, सोनं पाठवलं, मी किल्लीवाल्याच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. त्याने फोन बघितला, मान हलवली आणि पाचशेची नोट काढून दिली. एक पैसा कमी नाही. मी परत गेले आणि दोन हजार ओतले. तेही अख्खे मिळाले. मला एवढा आनंद झाला होता, की मी येताना आईसाठी केक घेऊन आले. आणि मी उगाच केक आणणारी बाई नाही.

आता उरले बत्तीस हजार शंभर. मी म्हटलं, उद्या सगळे.

"एकदम नको, ताई," सरदार म्हणाला. "रोज दोन-दोन हजार करू. एका दिवसात एवढं सोनं हललं तर गेमवाल्यांच्या नजरेत येतं. खाती बंद करतात ते."

"रोज दोन हजार म्हणजे सोळा दिवस. गुरुवार सोळा दिवसांवर आहे का?"

"मग उरलेले हिरव्या बटणाने काढ. कमी पडतील ते बघू."

"बघू म्हणजे कोण बघणार? तू? दोन वर्षं छताकडे बघतोयस तेवढं पुरे झालं."

तो मूग गिळून गप्प बसला. असं काही मी बोलले की तो नेहमी गप्प बसायचा, म्हणून मी बोलायचे. थोड्या वेळाने त्याने किल्लीवाल्याला फोन केला. किल्लीवाल्याने आपल्यासारखे आणखी सहा जण गोळा केले, सगळे रोखवाले. बुधवारी सकाळी पैसे त्याच्या टपरीवर जमा होणार होते.

मंगळवारी दुपारी आईचं काम सुटल्यावर आम्ही निघालो. आईने यायलाच हवं असं काही नव्हतं, पण ती ऐकेना. म्हणाली, "माझे आहेत. मी पोचवायला येणार." लेकीची पाठवणी करायची असावी तशी नवी साडी नेसली. दुकानातली ट्रॉली आणून बादल्या तिच्यात घातल्या. सरदारला ट्रॉली ढकलणं सोपं जायचं, कारण तिच्यावर भार टाकून चालता यायचं.

मशीनने एका वेळी पाच हजारच घेतले, म्हणून सात वेळा ओतावं लागलं. आई मशीनवर हात ठेवून उभी होती. अधूनमधून खालच्या खणात नको ती वस्तू पडायची. लोखंडी वायसर, जत्रेतल्या पाळण्याचं टोकन, एक शर्टाचं बटण. ताटलीत नाण्याऐवजी वायसर टाकून जाणारे महाभाग असतात. आई ते एकेक हातात घेऊन चाचपून बघायची आणि म्हणायची, "हा बघ, कसा साळसूद तोंडाने टाकून गेला असेल." आम्ही तिघंही हसलो. मागे उभा असलेला माणूस वैतागला होता, त्याचंही आम्हाला काही वाटलं नाही.

दर वेळी मशीन विचारायचं, हिरवं की निळं. दर वेळी मी निळं दाबलं. तिसऱ्या खेपेला सरदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, ऐक माझं. निदान अर्धे हिरव्याने काढ."

"गप्प बस."

पाचव्या खेपेला परत म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "आयुष्यात एकदा तरी कामाला ये. कामाला येता येत नसेल तर मधे तरी येऊ नकोस."

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

सात चिठ्ठ्या घेऊन आम्ही घरी आलो. सरदारने एकेक कोड टाकला. शेवटचा टाकल्यावर तो उशीवरून उठून ताठ बसला. त्याच्या किल्ल्याचा खजिना एवढा कधीच भरला नव्हता. तिकडची माणसं त्याला विचारायला लागली, सरदार, कुठली लूट? त्याने फोन आईच्या उजव्या डोळ्यापाशी नेला. आईने नाक टेकेल एवढ्या जवळून पाहिलं. बुरूज, झेंडे, दारात दोन हत्ती.

"कुणाचा आहे रे एवढा वाडा?"

"माझा. अकरा वर्षं बांधतोय."

"भाडं किती?"

"भाडं नाही. स्वतःचा आहे."

"मग आपण इथे काय करतोय?" आई म्हणाली आणि सरदार खळखळून हसला. अपघातानंतर तसा तो हसल्याचं मला आठवत नाही.

मग त्याने किल्लीवाल्याला पहिला हिस्सा पाठवला. गेला. दुसरा पाठवला. गेला. तिसरा पाठवताना हत्ती, बुरूज, झेंडे सगळं राखाडी झालं आणि मधोमध एक चौकोन आला. संशयास्पद व्यवहारामुळे हे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. शिल्लक परत मिळणार नाही. खाली एकच बटण होतं, ठीक आहे.

आई तेव्हा आत साडी बदलत होती. सरदारने फोन बंद करून चालू केला. परत केला. तिसऱ्यांदा केला. मी त्याच्या हातातून फोन हिसकावला. मला वाटलं, मी दाबलं तर उघडेल.

बुधवारी काय काय केलं ते सगळं सांगत बसत नाही. तक्रार केली, तिला उत्तर आलं की तीस कामकाजाच्या दिवसांत विचार करू. मोठ्या दुकानात गेले, तिथली मुलगी म्हणाली, कोड वापरला गेला, आता आमच्या हातात काही नाही. पाठवलेले दोन हिस्सेही गेमवाल्यांनी किल्लीवाल्याकडून काढून घेतले होते. तो म्हणाला, "माझ्याकडे आलंच नाही, तर मी कशाचे देऊ?" तरी त्याने स्वतःच्या गल्ल्यातले पाचशे दिले. माणूस वाईट नव्हता. सरदारने फोन आणि पाठीचा पट्टा विकून चार हजार आणले. दुकानाच्या मालकाने मला तीन हजार उचल दिली. झिपांच्या डब्यातलेही मी काढले, आता काढले. आधीचे अडीच हजार धरून सगळे मिळून तेरा हजार शंभर झाले. गुरुवारी पावणेबारा वाजता मी ते खिडकीवर ठेवले. खिडकीवरच्या बाईने आत जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या स्वतः बाहेर आल्या. नळी बाहेरून येते, उधार मिळत नाही, म्हणाल्या. चौदा आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली आणि थेंब वाढवून दिले.

घरी आई तयार होऊन बसली होती. पिशवीत गाऊन, टॉवेल, कंगवा. सरदार खिडकीपाशी उभा होता, उशा न लावता.

"भरले का पैसे?" आईने विचारलं.

बस स्टॉपपासून घरापर्यंत मी ठरवत आले होते की खरं सांगायचं. अगदी शब्दही जुळवले होते. पण तिने तो उजवा डोळा माझ्याकडे वळवला आणि माझी पाचावर धारण बसली. मी सरदारकडे बोट केलं. "याला विचार. याने सगळे गेममध्ये घातले."

धड खोटंही नव्हतं ते. कोड त्यानेच टाकले होते. गेम त्याचा, खातं त्याचं. मी मनात लगेच असं सगळं मांडून ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. तो आता तोंड उघडणार, मग मी काय म्हणायचं, हेही तयार होतं. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मान खाली घातली.

"खरंय का रे?" आईने विचारलं.

त्याची मान खालीच.

"मग तू इथे राहू नकोस," आई म्हणाली. ती ओरडली नाही. पिशवीतला गाऊन काढून तिने घडी केली आणि परत कपाटात ठेवला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. किल्लीवाल्याने टपरीमागची खोली त्याला दिली. पुढे कळलं, की तो घाऊक बाजारात पहाटे पेट्या उतरवायला जातो. त्या कमरेने. पट्टाही विकलेला. मी कामावर झिपा उसवायचे आणि मनात म्हणायचे, जाऊन सांगावं आईला. रोज म्हणायचे. मग संध्याकाळी घरी यायचे आणि थेंब घालायचे, डोकं मागे कर आई, हां, मीट डोळा.

आईचा डोळा अकराव्या आठवड्यात गेला. एका दिवसात नाही. आधी ताटलीची कड दिसेनाशी झाली, मग ताटली, मग टेबल. कंत्राटदाराने आठ दिवस चालवून घेतलं आणि मग दुसरी बाई बसवली. चौदाव्या आठवड्यात आम्ही तारखेला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून बघितलं, दिवा विझवला आणि म्हणाल्या, आता नळी बसवून उपयोग नाही. परत येताना आईने माझा दंड धरला होता. तेव्हापासून ती घरात कुठेही जाताना तसाच धरते, कोपराच्या जरा वर.

सरदार दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो. पाकीट घेऊन. त्याने स्वतःच ठरवून घेतलंय, की चौतीस हजार सहाशे फेडायचे. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो. मी पाकीट घेते. आई आतून विचारते, "कोण आहे?" आणि मी म्हणते, "तो आलाय." आई म्हणते, "ठेव म्हणावं आणि जा." तो जातो. मी ते पैसे घरात खर्च करते. आठ महिने हे असंच चाललंय. मी त्याच्या पैशांचे बटाटे आणलेत, विजेचं बिल भरलंय.

गेल्या रविवारी तो आला तेव्हा त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं. एका बाजूला वाकून, भिंतीला खांदा टेकवून उभा होता. तोंड सुजलेलं, बोटांना पट्ट्या. पाकीट देताना म्हणाला, "आई जेवते ना नीट?" मी हो म्हटलं. आतून आवाज आला, "ठेव म्हणावं आणि जा." तो वळला.

मी दार लावलं आणि आईच्या पायांशी खाली बसले. म्हटलं, "आई, बटण मी दाबलं होतं. त्याने नाही. तो नको म्हणत होता. मला ते चार हजार वाचवायचे होते. त्याने फक्त माझं ऐकलं."

आई खुर्चीत बसली होती. तिने हात पुढे करून माझं डोकं शोधलं.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"अगं, मी तिथेच उभी होते ना. डोळा गेला होता, कान नव्हते गेले. तो नको नको म्हणत होता आणि तू त्याला गप्प बस म्हणत होतीस. काय म्हणतोय तो, ते म्हणूनच विचारलं होतं मी."

"मग त्याला का घालवलंस?" मी जवळजवळ किंचाळले. "मला का नाही बोललीस?"

ती बोलली ते अगदी साध्या आवाजात, कुठला नळ गळतो ते कंत्राटदाराला सांगायची तसं.

"तुला त्याच्यासमोर खोटी पाडली असती तर तू राहिली नसतीस. तुझा स्वभाव मला माहितीये. बॅग भरून निघून गेली असतीस आणि परत तोंड दाखवलं नसतंस. आणि मी आंधळी होणार, हे मला गुरुवारीच कळलं होतं. तो जीव लावतो गं मला, पण त्याला स्वतःला धड उठता येत नाही. मला हाताला धरून संडासाला कोण नेणार होतं? म्हणून मी तुला ठेवलं आणि त्याला घालवलं."

मला रडू येईना. तिचा हात माझ्या डोक्यावर तसाच होता.

"आता बोललीस ना तू," ती म्हणाली. "मग जा, हाक मार त्याला. मला जिना उतरता येत नाही. तो अजून खाली पोचला नसेल."

मी दार उघडून जिन्यावर धावले आणि कठड्यावरून खाली वाकले. तो पहिल्या मजल्याच्या वळणावर होता. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक पाय खालच्या पायरीवर आणि एक वर, तिथेच दम खात थांबला होता.

"अरे, थांब!" मी ओरडले.

त्याने मोठ्या कष्टाने मान वर केली. मला बघून त्याचा चेहरा ओशाळला.

"कमी निघाले का, ताई?" तो म्हणाला. "या वेळी दोन दिवस खाडा झाला. पुढच्या महिन्यात भरून देतो, आईला सांगू नकोस."